सुई सरळ आहे

३ जून १९७४, इंझोरी
सुट्टीतलं संशोधन अखेर सुरू. शाळेचं होकायंत्र खिडकीत मांडलं. शेजारी औषधाच्या बरणीत सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची दोन पानं टांगली आणि घासलेला कंगवा लावून फाकवली. कॉस्मिक रेज, म्हणजे अवकाशातले विश्वकिरण, धडकले की ही पानं मिटतात. सिगारेट सोडायचा संकल्प त्यामुळे पुढे ढकलला.

५ जून
वादळ. वीज पडण्याआधी सुई पूर्वेला वळली, बरणीतली पानंही मिटली. वच्छला म्हणे, दमट हवेनं मिटली. बायकोशी विज्ञान बोलू नये. आभाळ गडगडलं की ती खिडकीखाली लोखंडी पहार आणून टाकते, म्हणजे घरावर वीज येत नाही. सायन्स टीचरच्या घरात हे असं.

९ जून
पुन्हा वादळ, पुन्हा पहार, पुन्हा सुई पूर्वेला. नियम सिद्ध झाला. विश्वकिरणांनी पृथ्वीचं चुंबकत्व ढळतं आणि मगच वीज पडते. निबंध इंग्रजीत लिहिणार. इंग्रजी उद्यापासून सुधारायचं.
शेजारच्या पुंजाजीला सुई दाखवली. सरळ उत्तरेला असली की भीती नाही, हे समजावलं. म्हणाला, मास्तर, आता तुमी सांगसान तवाच मी वावरात जाईन. गावात निदान एकाला तरी कदर आहे.

१२ जून
वच्छला माहेरी, मेडशीला. घरात शांतता. दुपारी आभाळ काळंकुट्ट, पण सुई जागची हलली नाही. पुंजाजीला म्हटलं, बिनधास्त जा.

१३ जून
काल पुंजाजीच्या वावरात वीज पडली. एक बैल जागीच गेला. पुंजाजी वाचला, पण त्याला काहीच ऐकू येत नाही. सुई सरळ होती म्हणूनच जीव वाचला, असं तो सगळ्यांना सांगतो. नियमात दोष नाही, किरण कमी पडले असावेत. जेवण गेलं नाही.

१७ जून
वच्छला परतली. आभाळ भरून आलं, तिनं पहार टाकली, सुई वळली. मी चिडलो म्हणून तिनं पहार उचलून आत नेली. सुई सरळ. तिनं विचारलं, मी नव्हते त्या दिवशी पहार कोणी टाकली होती? चुंबक आणि लोखंड मी दरवर्षी शिकवतो.
तेवढ्यात पुंजाजी आला, उसना बैल जुंपून. मास्तर, जाऊ ना म्हणाला. होकायंत्र माझ्या हातातच होतं. मी नको म्हणालो, ओरडून नको म्हणालो. त्यानं सुई पाहिली, ती सरळ होती; हात जोडले आणि गेला.
लगेच मागे धावणार होतो. छत्री सापडेना. वच्छला तशीच धावली.
वीज पडली, जवळच कुठेतरी.
छत्री दारामागेच होती. दोघंही अजून आलेली नाहीत.