खुर्चीवरची बाई

युट्रेख्ट, मंगळवार, मार्च २०१६

आज आर्काइव्हमध्ये जुने फोटो स्कॅन करत होते. आगीत बेचिराख झालेलं एक शहर, कॅमेरा नुकताच आला होता त्या काळातलं. जळक्या भिंती, आणि रस्त्यात खुर्चीवर बसलेली एक बाई. बाकी रस्ता रिकामा. माझी सहकारी मारिका म्हणाली, "रिकामा नव्हता. तेव्हा फोटोला इतका वेळ लागायचा की हलणारी माणसं उमटायचीच नाहीत. ही हलली नाही, म्हणून दिसते."

इतका वेळ न हलता कशी बसली असेल?

दुपारी नाशिकहून दादाचा व्हिडिओ कॉल आला. पहाटे त्याच्या घराला आग लागली. माणसं वाचली, घर गेलं. फोन फिरवून तो एकेक खोली दाखवत होता आणि मला एकही ओळखता येईना. अंगणात वहिनी, शेजाऱ्यांनी दिलेल्या खुर्चीवर. भोवती लोकांची ये-जा, ती मात्र तशीच. पुन्हा ती बाई डोळ्यांसमोर आली. नको होती यायला.

"मी येते," म्हटलं.

"येऊन काय करशील? आम्ही इथे असून काय करतोय?"

खरंच, काय करणार? तरी हट्टानं म्हटलं, वहिनीला फोन दे. तिच्या गालावर काजळी होती. तोंडात आलं तेच बोलून गेले, "वहिनी, जेवलात का?" लगेच जीभ चावली. स्वयंपाकघर तरी कुठे उरलंय?

तिनं मान वर केली.

"नाही गं. तू जेवलीस?"