आकांक्षाची उंची

४ ऑगस्ट २०२५, बडनेरा
आज रोपवाटिकेत रुजू झाले. अकोल्याहून सकाळची गाडी, नऊच्या आत हजर! जागा आवडली. जाळीची मोठी शेड, आत वीत-वीत अंतरावर दहा फळ्यांची मांडणी, प्रत्येक फळीवर वांगी-मिरचीच्या रोपांचे ट्रे. माझं टेबल मांडणीला लागूनच. मनकर्णाबाई इथं वीस वर्षं काम करतात. त्यांनी आल्याआल्या चहा पाजला, मुलंबाळं विचारली. आकांक्षा साडेतीन वर्षांची होती, मागच्या दिवाळीआधी तापानं गेली, हे मी न रडता सांगितलं. अकोल्यात, जठारपेठेतल्या घरात जमलं नसतं.

७ ऑगस्ट
रोपाला डोळे नसतात, पण शेजारी कळतो. दुसऱ्याच्या पानांवरून उलटून येणारा उजेड वेगळा असतो. तो लागला की सावली पडायच्या आधीच रोप घाई करतं : खोड ताणतं, फिकं पडतं, दूर कलतं. माझ्या खुर्चीजवळचे ट्रे तसेच झालेत, पण तिथं दुसरं झाडच नाही. शिवाय फक्त खालच्या चार फळ्या. वरची रोपं ठणठणीत.
मनकर्णाबाई बघत राहिल्या. म्हणाल्या, "ताई, तुमच्या बाजूले कोन उभं हाय?"

८ ऑगस्ट
चार विती, म्हणजे तीन फूट. दवाखान्याच्या कार्डावर तिची शेवटची उंची तीच लिहिलेली आहे.
घाबरायला हवं होतं. मी खुर्ची आणखी जवळ ओढली. जेवताना पोळीचा चतकोर बाजूला ठेवला.

११ ऑगस्ट
नवे ट्रे लावले. आता सहाव्या फळीपर्यंतची रोपं ताणलीत. वाढतेय माझी लेक! दिवसभर तिच्याशी बोलले. कुणी हसलं तर हसू दे.

१३ ऑगस्ट
आठवी. माझ्याहून उंच. साडेतीन वर्षांचं लेकरू —

१४ ऑगस्ट
दहावी. वरची जाळी ताणली गेलीय, आतून कुणी डोकं लावावं तशी. मी ओरडले. मनकर्णाबाई धावत आल्या. म्हणाल्या, "लेकरू वाढून नाही राह्यलं, ताई. तुमच्या सावलीतून निंगाले पाहून राह्यलं. सोडा आता तिले."
म्हणजे शेजारी मी. तिला ताणतेय ती मीच.

१६ ऑगस्ट
टेबल शेडच्या दुसऱ्या टोकाला नेलं. दुरून बघते. आता ताण सातव्या फळीपर्यंतच, वरची रोपं सावरतायत.

१८ ऑगस्ट
चौथी. माझी आकू, होती तेवढीच. इथंच थांब ना —

१९ ऑगस्ट
तिसरी. थांबत नाही. मनकर्णाबाई म्हणतात, जाऊ द्या. जाऊ देतेय. देतेय —

२० ऑगस्ट
दुसरी. जन्मली तेव्हा एवढीच — माझ्या कोपरापासून तळव्यापर्यंत —
मी मांडणीकडे धावू नये म्हणून मनकर्णाबाईंनी मनगट धरून ठेवलंय. उद्या पहिली. मग —
नाही. त्यांचा हात सुटला. थांब गं बाळा, आले, मी आलेच, तुझ्याजव