जपान उभा राहिला, मी नापास झाले

भवानी पेठ, सोलापूर
फेब्रुवारी १९७८

तीर्थस्वरूप रुद्रप्पाअण्णा यांस,

धाकटी बहीण महादेवी हिचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना थोडी विश्रांती द्या (देणार नाही हे ठाऊक आहे, तरी लिहिणं माझं काम).

मी बाहेरून बी.ए.ला बसले आणि गेल्या साली नापास झाले, हे तुमच्या दाजींनी साऱ्या पेठेला सांगितलं. कारण मात्र सांगितलं नाही. ‘भारत आणि जपान यांच्या आर्थिक व राजकीय विकासाची तुलना करा’ असा प्रश्न आला होता. जपान मला इतका पाठ होता, की युद्धात बेचिराख झालेला तो देश उभा करता करता, कारखाने, आगगाड्या, नवी राज्यघटना असं सगळं करून मी पुरवण्यांवर पुरवण्या लावल्या. भारत स्वतंत्र होतोय तोवर घंटा झाली.

यंदा पुन्हा बसायचं हे मी पक्कं केलं. वेळ मिळेना म्हणून गेल्या सालासारखंच भाकरी थापताना मोठ्यानं पाठ करू लागले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत एक भाकरी करपली आणि नेमकी तीच दाजींच्या ताटात गेली. ते म्हणाले, जपानच्या बायका नवऱ्याला असलं खाऊ घालत नाहीत. मी म्हटलं, जपानात भाकरीच नाही. त्यावरून विषय माझ्या वयावर गेला, मग परीक्षेच्या फीवर. शेवटी ते म्हणाले, या घरात लोकशाही आहे, मतं घेऊ. (गेल्या वर्षीच्या निवडणुकीपासून त्यांना वाटतं, सरकार त्यांनी एकट्यानं बदललं.)

घरात माणसं तीन. आम्ही दोघं आणि सासूबाई सुंदरम्मा. त्यांनी आजवर माझ्या शेंगाचटणीलासुद्धा चांगलं म्हटलेलं नाही, त्यामुळे त्यांचं मत दाजींनी आपल्याकडेच धरलं होतं, आणि मीही ते त्यांच्याकडेच धरलं होतं.

“आई, हिनं परीक्षेला बसावं का?”

“बसू दे की.”

“आई, नीट ऐक.”

“ऐकलंय. गेल्या साली तिनं जपान उभा केला, म्या हितं बसून समदा ऐकला. आपल्या देशाचं फुडं काय झालं, ते कोन सांगनार? ते आदी पुरं होऊ दे.”

मी चुलीकडे तोंड फिरवलं. धूर होता ते बरं झालं. दाजींनी पुन्हा मतमोजणी मागितली, सासूबाईंनी सरळ हात वर केला.

तेव्हापासून भाकऱ्या त्या थापतात आणि मी वाचते. मध्येच विचारतात, “एवढी धरनं बांधली, मग आपल्या नळाला पानी का न्हाय?” याचं उत्तर पुस्तकात नाही. मी शोधते आहे. घर कालपासून फार शांत आहे. यंदा भारत आधी लिहीन, आणि पास होईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची हट्टी बहीण,
महादेवी

ता. क. घर शांत आहे कारण दाजी रागावून काल करकंबच्या एसटीत बसले. एव्हाना तुमच्या ओट्यावर असतील. माझे पेपर होईपर्यंत त्यांना ठेवून घ्या. गोडधोड घाला, पण मतदानाचा विषय काढू नका.

आणखी एक. त्यांच्या पिशवीत, धोतराच्या खाली, माझं अर्थशास्त्राचं पुस्तक आहे. (चुकून आलं म्हणतील.) ते मिळेल त्या गाडीनं कंडक्टरच्या हाती पाठवा. दाजींची घाई नाही.