गोष्ट सांगणारीविषयी दोन ओळी

माय, तुला पत्र लिहायचं म्हणजे ते तुला वाचून दाखवायला कुणीतरी हवं, आणि ते काम कायम माझंच असायचं. भावाचं पत्र आलं की मी मोठ्यानं वाचायचे आणि तू मला मध्येच थांबवून त्यालाच उत्तर द्यायचीस, जणू तो दारात उभा आहे. हे पत्र तुला वाचून दाखवणारं कुणी नाही. म्हणून तर लिहायचं धाडस होतंय. आज एकादशी आहे, स्वयंपाक थोडका, देवाचं वाचून झालं, दुपार रिकामी आहे. बाहेरच्या खोलीत माझा मुलगा आणि सून बसलेत आणि मी आत ओट्याला पाठ लावून लिहितेय.

तू सुनेला पाहिलं नाहीस, ती तू गेल्यावर या घरात आली. ती शिक्षिका आहे, चोपड्याकडच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहिलीचा वर्ग तिच्याकडे. शाळेत मोबाईलला रेंज येत नाही, म्हणून रविवारी ती घरी बसून आठवड्याचं सगळं उतरवून घेते: गाणी, चित्रांच्या गोष्टी, अंकांचे खेळ, छापायचे तक्ते. गावानं वर्गणी काढून वर्गात टीव्ही बसवलाय, त्याला पेनड्राइव्ह लावून ती ते पोरांना दाखवते. कुठल्या कुठल्या शिक्षकांनी स्वतः तयार केलेलं हे सगळं इंटरनेटवर एका ठिकाणी ठेवलेलं असतं, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. फुकट म्हटल्यावर मला आधी संशयच आला होता. रविवारी कपडे भिजत पडायचे आणि सून मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची. एकदा मी म्हटलं, "शाळा मोबाईलच शिकवतो, मग पगार तुला कशाला देतात?" ती मान वर न करता म्हणाली, "त्यालाच द्या आई. संध्याकाळची भाजीसुद्धा तोच घेऊन येईल." मला हसू आलं, पण दाखवलं नाही. पुढे तिच्या शेजारी बसून पाहायला लागले तेव्हा मलाही त्यातलं बरं-वाईट कळू लागलं. नुसतं रंगीत आणि गडबडीचं असतं ते पोरं बघतात आणि विसरतात. जे मध्येच थांबून पोरांना काहीतरी विचारतं, ते त्यांच्या डोक्यात राहतं. तक्ते मात्र मी तिला पाठकोऱ्या कागदांवरच छापायला लावते.

या वर्षी शाळा सुरू झाल्यावर ती उदास होऊन घरी यायची. म्हणाली, "आई, गोष्ट लावली की पोरं चित्रं बघतात. मग विचारलं की एकमेकांकडे बघून गप्प बसतात. त्यांना ती मराठी कळतच नाही हो. घरी सगळी अहिराणी. मला ती येत नाही, आणि मोबाईलवर शोधलं तर पहिलीच्या पोरांसाठी अहिराणीत काही सापडत नाही." मग म्हणाली, "ट्रेनिंगमध्ये तर सांगतात, आधी पोराच्या घरच्या बोलीत बोला, मग पुस्तकाकडे न्या." मी कोथिंबीर निवडत होते. ऐकलं, आणि निवडलेल्या काड्या पुन्हा पानांत टाकत राहिले.

माझ्या मुलाच्या वेळी मला उलटं सांगितलं होतं, माय. वडील गेल्यावर तू साक्रीकडचं घर बंद करून आमच्याकडे जळगावला आलीस तेव्हा तो बालवाडीत होता. दुपारी तुझ्या मांडीला मांडी लावून बसायचा आणि तुझ्या अहिराणीतली बकरीची गोष्ट सांग म्हणायचा. एके दिवशी त्यानं वर्गात "माले पानी पायजे" म्हटलं आणि सगळी पोरं हसली. बाईंनी मला दारातच थांबवलं. "घरी कोण बोलतं असं? पुढे चांगल्या शाळेत घालायचंय ना याला?" मी म्हटलं, "गावाकडचं म्हातारं माणूस आलंय." माझी आई आलीय, असं म्हटलं नाही.

घरी आले. तू भाकरी थापतेयस. मी चपला काढता काढताच म्हणते, "माय, त्याच्याशी नीट बोलत जा. त्याची भाषा बिघडते."

"काबर वं? मी काय शिव्या देस का त्याले?"

"शिव्या नाही गं. शाळेत हसतात त्याला."

तू भाकरी तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस, ती उलटलीस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "बरं. तुना आंडोर शे."

तुझा मुलगा आहे, बाई, तू ठरव. एवढंच म्हणालीस. मला वाटलं तू दोन दिवस फुगशील आणि मग जमेल तसं शहरातलं बोलायला लागशील. पण तुला आमच्यासारखं बोलता येत नव्हतं, म्हणून तू त्याच्याशी बोलायचंच सोडलंस. भाकरी मोडून त्याच्या हातात द्यायचीस, गाल पुसायचीस, हातानं बोलवायचीस. तो तुझा पदर ओढून म्हणायचा, "आजी, सांग ना." तू माझ्या पाठीकडे बघायचीस. तू बघतेयस हे मला ओट्यापाशी उभ्या उभ्या कळायचं, आणि मी भांडी जरा जास्त आवाज करून घासायचे. एकदा वळून "सांग गं त्याला" म्हटलं असतं तर काय झालं असतं? शाळेचा प्रवेश अडला असता का? हा प्रश्न मी देवासमोर बसूनही टाळत आले. आपल्या गावात श्रावणात कानबाई देवी बसली की पहिलं गाणं तू उचलायचीस आणि तुझा आवाज नदीपलीकडे जायचा, हे माझ्या घरात कुणाला खरं वाटणार नाही. शेवटी धुळ्याच्या दवाखान्यात होतीस तेव्हा साक्रीकडची एक नर्स मला म्हणाली, "मावशी, तुमची आई किती गप्पिष्ट, आख्खा वॉर्ड हसवते."  माझ्या घरी तुझ्याकडून चार शब्द निघत नव्हते.

सुनेनं आपणहून विचारलं, "आई, तुमचं माहेर साक्रीकडचं ना? एखादी गोष्ट तुम्हीच सांगा, मी रेकॉर्ड करते. इतर शिक्षकांनाही उपयोगी पडेल." मी बरेच दिवस टाळलं. मग एका रविवारी तिनं पंखा बंद केला, कुकर उतरवला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. मी उठून खिडकी लावली. तिला म्हटलं, भाजीवाल्याची गाडी येईल, भोंग्याचा आवाज येईल. खरं म्हणजे शेजारच्या भजनी मंडळातल्या बायकांनी ऐकू नये म्हणून लावली. माय, एवढ्या वर्षांनीसुद्धा लावली.

"एका गावात एक बकरी राहत होती," मी सुरू केलं.

"आई, हे तर पुस्तकातलं झालं. तुमच्या आई सांगायच्या तसं सांगा ना."

 पाणी प्याले आणि डोळे मिटून म्हटलं, "एक बकरी व्हती. ती बजारले गयी." मग कुठेच अडलं नाही. बकरी घुंगरू मागते, दुकानदार विचारतो, "तुनाजोडे पैसा शे का?", बकरी शेपटी हलवते आणि दुसऱ्या दुकानात जाते. तू थांबायचीस तिथे मी थांबले. तू नाक ओढायचीस तिथे ओढलं. सून तोंडावर हात ठेवून हसत होती.

तिनं ती गोष्ट वर्गात लावली आणि पोरांचं बोलणं मला आणून ऐकवलं. दुकानदारानं विचारलं की सगळा वर्ग बकरीच्या वतीनं ओरडतो, "नही". एका पोरीनं तर पुढची गोष्ट स्वतःच रचली, बकरी केळीच्या बागेत कामाला जाते. मग तिच्या ओळखीच्या शिक्षकांनी गोष्ट मागून घेतली, धुळ्याकडच्याही. आता ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवायची आहे. तिथे एक रिकामी जागा भरावी लागते, गोष्ट सांगणारीविषयी दोन ओळी. सून म्हणाली, गोष्ट मुळात आजीची, म्हणून ओळीही तिच्याविषयीच.

काल जेवताना तिनं माझ्या मुलाला विचारलं, "तुझी आजी कशी होती रे? लिहायचंय."

"आजी? शांत होती एकदम," तो म्हणाला. "तिचा आवाजच आठवत नाही मला. बोलायचीच नाही कुणाशी."

"मग या गोष्टी तुला नाही सांगितल्या कधी?"

"नाही. तिला नसेल आवडत." आणि त्यानं वरण मागितलं.

मी वरण वाढलं. सुनेनं तिथल्या तिथे मोबाईलवर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: ही गोष्ट साक्रीकडच्या एका अबोल आजीची आहे, आयुष्यभर कमी बोललेल्या आजीनं मागे ठेवलेली. "छान झालंय ना आई? बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "बरोबर आहे."

आज संध्याकाळी ती ते टाकणार आहे. अजून वेळ आहे. चार पावलांवर दोघं बसलेत, उठून सांगायचं एवढंच: आजी अबोल नव्हती, मी तिला गप्प केलं, तुला गोष्टी सांगायला तिला फार आवडायचं. वाक्य तयार आहे. पोरगा वाईट बोलणार नाही, त्याचा स्वभाव तसा नाही. तो फक्त माझ्याकडे बघेल. तेवढंच मला नकोय. तुला सांगणं सोपं, म्हणून तुला लिहीत बसलेय, आणि तेही पुस्तकी मराठीत. तुझ्या बोलीत लिहायला हात वळत नाही.

आता सुनेनं बाहेरच्या खोलीतून हाक मारून विचारलं, "आई, टाकू का मग?" मी लिहिता लिहिता "टाक" म्हटलं. माय, तुझ्याविषयी लोक खोटं वाचतील याचं मला वाईट वाटतं. पण माझ्या मुलाला खरं कळेल याची भीती त्याहून जास्त वाटते.