समोरच्या दारातलं पाणी

गुरुवार, संध्याकाळ

पाली रोडचं ते घर मला आवडलंय, पण घ्यावं का? दलाल म्हणाला, "ताई, घर लई भारी हाय, पण गल्ली साधी. उद्या विकताना भाव न्हाई यायचा." मी घाबरलेच. बाबा मात्र आत आलेच नाहीत. त्यांनी समोरच्या दारात जाऊन पाणी मागितलं. नळाला आठवड्यानं पाणी येणारी गल्ली, तरी त्या काकूंनी तांब्या भरून दिला! वर म्हणाल्या, "पोरगी कामावर असली तर हिचा हौद मी भरीन की." भरलेला तांब्या! बाबा मला म्हणाले, "चल, घर बघून झालं." बाबा सोबत होते म्हणून बरं. आणि मी काकूंचं नावसुद्धा विचारलं नाही. उद्या आधी ते विचारीन, मग होकार कळवीन.