नाही म्हणायची तालीम

१ जानेवारी

शब्द निवडायचा म्हणे! संकल्पबिंकल्प जुने झाले, आता वर्षभरासाठी एकच शब्द. ताई काम करते त्या चष्म्याच्या दुकानात सगळ्यांनी निवडले. मॅनेजरने ‘झेप’ घेतला. जिना चढताना दोनदा टेकतो, आणि झेप.

ताईने ‘नाही’ घेतला. मी हसलो तर म्हणाली, “हस. आई खाटेला खिळल्यापासून मी जगाला नुसतं हो म्हणतेय.”

तुझा कुठला, म्हणून विचारलं. म्हटलं, शाळा अर्धवट सोडलेल्याला शब्द परवडत नाहीत.

४ जानेवारी

दादाचा फोन. ताईला दुकानाच्या दुसऱ्या शाखेत बोलावलंय. लांबच्या शहरात. काचा घासायचं मशीन शिकवणार, राहायला खोली देणार. दादा म्हणतो, “जमणार नाही असं कळवून टाक. आईचं कोण बघणार?”

आणि ताई काय म्हणाली? “बघते.”

बघते! डोकं इतकं फिरलं की खाली जाऊन जिन्याखालची मोडकी सायकल दुरुस्त करत बसलो. चेन कुठल्या गाढवाने बसवली होती कोण जाणे. दुपार गेली. सायकल शेजाऱ्यांची निघाली. त्यांनी आभारसुद्धा मानले नाहीत.

७ जानेवारी

तालीम घेतली. मी दादा झालो, कानाला बूट लावला. दादाच्या घशातल्या आवाजात – “काय गं, आईची काळजी नाही तुला?”

ती लगेच – “तसं नाही रे दादा, पण...”

झालं. ओरडलोच मी. म्हटलं, कारण द्यायचं नाही. कारण दिलं की लोक कारणाशी भांडतात. नुसतं नाही म्हणायचं आणि खिडकीबाहेर बघायचं. आमच्या ट्रकचा ड्रायव्हर, मिश्या, असंच करतो. लोकांचं घरसामान हलवायला गेलो की गिऱ्हाईक म्हणतं, हे एवढं लोखंडी कपाटही घ्या. मिश्या म्हणतो नाही, आणि बाहेर बघत बसतो. शेवटी गिऱ्हाईकच ओशाळतं.

आई खाटेवरून ऐकत होती. झटका आल्यापासून ती एकाच बाजूने हसते. तेवढ्या बाजूने पुष्कळ हसली.

९ जानेवारी

जमलं. “नाही, दादा. मी जाणार आहे.” आणि खिडकीबाहेर बघितलं. मग त्याने फोन आपटला. ताईचं तोंड असं, जणू गरम पाण्याने धुतलंय.

१० जानेवारी

आता दादा माझ्यावर. “तूच भरीला घातलंस तिला. मग आईचं कोण करणार, तू? तुला स्वतःचा मोजा सापडत नाही.”

म्हटलं, तू ये. नाहीतर बाई ठेव.

“मला इथून हलता येत नाही.”

हलता येत नाही! मी पलंग, आरसे, मासे भरलेली काचपेटी हलवलीय. एक म्हातारा तर झाडासकट हलवला – कुंडी सोडेना. आणि हा धडधाकट माणूस म्हणतो हलता येत नाही. शेवटी म्हणाला, बघतो, बाईचं काहीतरी करतो. त्याचं बघतो मला लहानपणापासून माहीत आहे. मरू दे. सोमवारी ट्रक निघतोय. पार समुद्रापर्यंत, चार महिने. मिश्याने पुढची सीट माझ्यासाठी ठेवलीय.

१२ जानेवारी

ताई बॅग भरत होती. सहज म्हटलं, “दादा बाई पाठवेपर्यंत थांबशील ना? मी सोमवारी सुटतोय.”

“नाही.”

“मस्करी नको गं.”

ती खिडकीबाहेर बघत बसली.

अगं पण का? मी काय केलंय? कामाचं काय माझ्या? काही नाही. समोरच्या गच्चीवरचे कपडे बघतेय. मी म्हटलं, मी पुरुष माणूस, आईला अंघोळ कशी घालू? तेव्हा कुठे वळली.

“मला तरी कुठे येत होतं?”

दार आपटून बाहेर पडलो. गावभर चाललो. लबाड! दादासाठी घासूनपुसून दिलेला शब्द, आणि मारला कुणाला? मी तर तिच्या बाजूचा होतो! वाटेत ट्रक उभा होता तिथे गेलो. मिश्या टायरला लाथा घालून हवा बघत होता. “सोमवारी सकाळी. मी दोनच हॉर्न देतो.” मी मान डोलावली.

येईन असंच वाटलं होतं. अजूनही वाटतंय. ती थांबेल. कधी थांबली नाही असं झालंय का? – हे लिहिलं आणि स्वतःचाच राग आला. खोडत नाही. राहू दे.

१३ जानेवारी

ताई गेली. आधी दाखवून गेली – पाणी मनगटावर बघायचं, मान आधी धरायची, मग डोकं. मी तिच्याशी बोललो नाही. बॅग मात्र खालपर्यंत नेली. जड होती.

१४ जानेवारी

दोन हॉर्न झाले. आईची मान माझ्या तळहातावर होती, केसांना फेस. खिडकी जवळच आहे, हाक मारली असती तर मिश्या थांबला असता. आईच्या डोळ्यांत फेस गेला असता.