सतराव्या जोडीतला लाल ठिपका

सोमवार, ता. ३

ताई,

नमस्कार. मी मजेत आहे, तूही मजेत असशील. झालं, रीतभात पाळून झाली.

दोन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की जागच्या जागी लटकतो, म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस, एवढी अक्कल मला आहे. म्हणून हा कागद. माझं अक्षर बघून न फोडताच टोपलीत टाकशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता शेजारच्या काकूंकडून लिहून घेतला. आलाय ना राग? येऊ दे, पण वाच.

तुझी ड्रायव्हिंगची शिकवणी कशी चाललीय? हल्ली कोणी गाडी फुटपाथवर चढवली का? तुझ्या बाजूला तो जादा ब्रेक असतो ना, त्यावर पाय रोवून बसायची तुझी सवय घरीही सुटायची नाही. आई म्हणायची, ही जेवायलाही ब्रेक दाबून बसते.

माझं तेच, बावीस वर्षांचं. तू लोकांना सांगायचीस, 'आमची बारकी ठिपके मोजते.' खरंच आहे ते. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये कधी कधी एखाद्या गुणसूत्राचा तुकडाच गळून जातो. आम्ही सतराव्या जोडीला चमकणारा रंग लावतो. निरोगी पेशीत दोन लाल ठिपके दिसतात, तुकडा गेला असेल तर एकच. हा तुकडा नसेल तर नेहमीची केमो फारशी लागू पडत नाही, औषधच बदलावं लागतं. त्यामुळे डॉक्टर आमच्या आकड्यासाठी खोळंबून असतात.

सध्या लॅबमध्ये नुसता वैताग आहे. रंगाचा नवा लॉट आला की तो रुग्णांच्या नमुन्यांबरोबर एका निरोगी माणसाच्या रक्तावरही लावायचा आणि दोघांनी वेगवेगळं बसून शंभर-शंभर पेशी मोजायच्या, हा आमचा नियम. तो निरोगी माणूस म्हणजे मी. नऊ वर्षं दर लॉटला सुई माझ्याच दंडात. ट्यूबवर नाव नसतं, फक्त 'निरोगी' अशी चिठ्ठी. फुकटचं सर्टिफिकेट म्हणून मी मिरवायचे. मागच्या वर्षी शंभरात दोनच पेशी शंकास्पद निघाल्या होत्या, तेवढं चालतं. या वेळी एक्केचाळीस पेशींत एकच ठिपका. समोरच्या टेबलावरच्या चष्मिसने मोजलं तर त्रेचाळीस. हसत म्हणाला, 'रंग बोंबलला!' लॅबच्या प्रमुख मॅडमनी लॉट परत पाठवला. अकरा जणांचे रिपोर्ट अडकलेत.

एक विचारायचं होतं. तू रक्त कधी तपासलं होतंस? थकवा, मानेला बारीक गाठ, रात्री उगाच घाम, असं काही नाही ना? सहज विचारते.

बारकी


गुरुवार, ता. ६

ताई,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच चालले होते, तरी आज पत्रपेटी दोनदा उघडून आले.

मंगळवारी दुसरा लॉट आला आणि तोही 'खराब' निघाला. शंभरात चव्वेचाळीस. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, 'या वेळी दुसऱ्या कोणाचं रक्त घेऊन बघू या का?' मी फाडकन म्हणाले, 'कशाला? नऊ वर्षं माझंच चालतंय ना?' आवाज एवढा चढला की चष्मिसने मान वर केली. मॅडम म्हणाल्या, 'अगं, तुझ्यावर कोण संशय घेतंय?'

खरंच कोणी घेत नाही. आकडा बिघडला की आमच्याकडे सगळे रंगाकडे बघतात, फ्रीजचं तापमान बघतात, कंपनीला शिव्या घालतात. 'निरोगी' लिहिलेल्या चिठ्ठीकडे कोणी बघत नाही.

अकरा जणांत एक सुतार आहे. त्याची बायको रोज आमच्या खिडकीशी येऊन उभी राहते. भांडत नाही, रडत नाही. 'ताई, रंग आला का हो?' एवढंच विचारते. आज मी तिला म्हटलं, 'नाही हो, अजून नाही.' रंग माझ्या पाठीमागे फ्रीजमध्ये होता. संध्याकाळी त्याच्या डॉक्टरांचा फोन आला. पेशी झपाट्याने वाढताहेत, उद्या दुपारपर्यंत वाट बघतो, मग नेहमीची केमो सुरू करतो, म्हणाले.

आता जे लिहायचंय ते लिहिते, नाहीतर हेही पत्र मागच्यासारखं 'सहज विचारते'वरच संपेल.

मंगळवारी चष्मिसला म्हटलं, जरा एक ट्यूब रक्त दे. शिकवायच्या स्लाइडसाठी हवं असेल, असं वाटून त्याने निमूटपणे बाही सरकवली. याच दुसऱ्या लॉटच्या 'खराब' रंगाने मी त्याच्या पेशी रंगवल्या आणि काल दार लावून मोजल्या. शंभरात सत्त्याण्णव पेशींत दोन-दोन ठिपके. तीन ठिकाणी तेवढी शंका. पुन्हा मोजल्या. तेच.

रंगात काही खोट नाही, ताई. खोट माझ्यात आहे.

मानेची गाठ तीन महिन्यांपूर्वी लागली हाताला. मी कॉलरची बटणं वरपर्यंत लावायला लागले. दुसऱ्या कोणाची गाठ असती तर कान धरून डॉक्टरकडे नेलं असतं. मायक्रोस्कोपला डोळा लावला की वाटतं, आत्ता दुसरा ठिपका दिसेल, आत्ता दिसेल. भीतीने माझी अक्षरशः गाळण उडालीय. मी बोलले नाही तोवर ते रंगाचं दुखणं आहे, बोलले की माझं. एवढ्यासाठी अकरा जणांना लटकवून ठेवलंय मी.

आणि हे मी पहिल्यांदा करत नाहीये, ते तुझ्याइतकं कोणाला माहीत?

दोन वर्षांपूर्वी आईची स्लाइड मीच मोजली होती. तू फोनवर विचारलंस, 'खरं सांग, किती दिवस आहेत?' मी म्हटलं, 'काही नाही गं, रक्त जरा कमी आहे. तुझ्या शिकवणीतल्या मुलांच्या लायसन्सच्या परीक्षा उरकून ये.' अठरा दिवसांनी तू आलीस तेव्हा आईचं बोलणं थांबलं होतं. तू ओरडली नाहीस. 'तुला आकडा माहीत होता' एवढंच म्हणालीस. मला वाटलं होतं, आकडा बोलले नाही तर तो खरा होणार नाही. बावीस वर्षं हेच काम करून एवढीच अक्कल आली.

एक सांगते, घाबरू नकोस. हा तुकडा आपण जन्मतः गमावलेला नसतो, पुढे कधीतरी एखाद्या पेशीत तो तुटतो. तरी तू रक्त तपासून घे. माझ्यावरच्या रागापायी टाळू नकोस.

उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. तोंड उघडेल की नाही, माहीत नाही.

बारकी


गुरुवार, ता. २०

ताई,

उघडलं.

शुक्रवारी सकाळी मॅडमच्या खोलीत गेले. ओळीने सगळं सांगायचं असं घोकून गेले होते, आणि तोंडातून आलं काय, तर 'मॅडम, तो खराब लॉट मी आहे.' त्यांना काही कळेना. मग मी कॉलरचं बटण काढलं आणि त्यांचा हात धरून गाठीवर ठेवला. त्यांनी बोटांनी गाठ चाचपून बघितली. नंतर चिडल्या. 'गधडे, अकरा माणसं!' असं म्हणाल्या आणि मग मला जवळ घेतलं. दोन्ही बरोबरच होतं.

सुताराची स्लाइड रंगवलेली पडूनच होती. निरोगी नमुना नापास म्हणून कोणी ती मोजायला घेतली नव्हती. चष्मिसच्या रक्ताने रंग पास झाल्यावर दोघांनी मोजायला घेतली. मी मायक्रोस्कोपशी बसले, तर मॅडमनी मला उठवलं आणि स्वतः बसल्या. शंभरात अठ्ठ्याहत्तर पेशींत एकच ठिपका. डॉक्टरांना फोन गेला तेव्हा सलाइन लावायची तयारी चालली होती. ती थांबवली आणि औषध बदललं. त्याची बायको खिडकीशी येऊन म्हणाली, 'आला बाई एकदाचा रंग!' माझ्याशी हसलीसुद्धा. मी तिला काही सांगू शकले नाही, ते माझ्या मनाला अजून खातंय.

मॅडमनी माझी वेगळी तपासणीही केली. सतराव्या जोडीतल्या एका गुणसूत्राचा तुकडा गेलाय, हे मला माहीतच आहे. त्या तुकड्यावर एक जनुक असतं, बिघडलेल्या पेशींना आवर घालणारं. जोडीतल्या दुसऱ्या गुणसूत्रावर त्याची दुसरी प्रत असते. ती धड असेल तर थोडी तरी आशा. तिच्यातही बदल झाला असेल, तर बिघडलेल्या पेशींना अडवणारं कोणी उरलं नाही. तो निकाल काल आला. माझ्या डॉक्टरांकडे रिपोर्टची एक प्रत गेलीय. दुसरी मॅडमनी बंद पाकिटात माझ्या हातात दिली. 'बस, मी वाचून दाखवते,' म्हणाल्या. मी नको म्हटलं.

बावीस वर्षं जगाचे रिपोर्ट वाचले, पण हे पाकीट काही माझ्याने फोडवत नाही. रात्रभर उशाशी होतं. सकाळी उजेडात धरून बघितलं, कागद जाड आहे.

सोबत तेच पाठवतेय. फोडलेलं नाही, चिकटपट्टी तपासून बघ. तिसऱ्या ओळीत 'बदल आढळला' किंवा 'आढळला नाही' असं असेल. बाकीचं वाचू नकोस, उगाच घाबरशील.

सोमवारी अकराला डॉक्टरांनी बोलावलंय. शक्य झालं तर तुझी गाडी घेऊन ये. मी शेजारी बसेन, जादा ब्रेक माझ्याकडे आला तरी त्यावर पाय ठेवणार नाही. वाटेत मला काय असेल ते सांग. 'रक्त जरा कमी आहे' असलं काही सांगू नकोस. तुझ्या तोंडून आकडा ऐकायचा माझा हक्क नाही, मी तुला आईचा दिला नव्हता. तरी मागतेय.

रिपोर्टवर या वेळी चिठ्ठी नाही, माझं पूर्ण नाव आहे.

तुझ्याशी खोटं बोललेली, आणि आता फार फार घाबरलेली,
तुझीच बारकी